बुरशीची वीट आणि विदर्भातला पत्रा

२०१४च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, मोमा पीएस१ या कलासंस्थेच्या अंगणात, सुमारे १२ मीटर उंचीचा एक मनोरा उभा राहिला. नाव ‘हाय-फाय’. वास्तुरचनाकार डेव्हिड बेंजामिन यांच्या ‘द लिव्हिंग’ या चमूने तो रचला होता. त्यातल्या जवळपास १०,००० विटा कुठल्याही वीटभट्टीतून आल्या नव्हत्या, त्या वाढवलेल्या होत्या. मक्याच्या ताटांचा चुरा साच्यात भरायचा, त्यात बुरशी सोडायची, आठवडाभरात तिचे तंतू चुऱ्याचा कण न् कण एकमेकांना बांधून टाकतात. मग गरम हवेत वाळवून बुरशी मारायची, की वीट तयार. त्या मनोऱ्याचे फोटो जगभर फिरले आणि ‘उद्याचं घर’ या विषयावरच्या लेखांना अजूनही चिकटवलेले दिसतात. त्या लेखांतून एक गोष्ट मात्र बहुतेकदा गळते. मनोरा एका हंगामापुरता होता. उन्हाळा सरला, मनोरा उतरवला आणि विटांचं खत केलं.

बाकीची प्रसिद्ध उदाहरणंही त्याच जातीची. २०१७ साली सोलच्या वास्तुकला बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, डर्क हेबेल आणि फिलिप ब्लॉक यांच्या चमूंनी बुरशीच्या तुकड्यांचं झाडासारखं फांद्यांचं बांधकाम उभं केलं. २०१९ साली आइंडहोवनच्या डिझाइन सप्ताहात बुरशीच्या भिंतींचा मंडप झाला. आपल्या जवळचं उदाहरण कोचीचं. २०१६च्या बिएनालेच्या निमित्ताने तिथे नारळाच्या काथ्याच्या भुशावर वाढवलेल्या बुरशीचा मंडप झाला, आणि तो तर झिजून जावा याच हेतूने बांधला होता. या सगळ्यांत कल्पकता होती, अभियांत्रिकीही होती. नव्हती ती एकच गोष्ट: सलग चार पावसाळे काढण्याची जबाबदारी.

बुरशी आणि वनस्पती यांच्यापासून बांधकामसाहित्य तयार करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, आणि आत्ताच’ असं आहे. पण ते काँक्रीटची जागा घेईल म्हणून नव्हे. आपल्या राज्यात त्याची जागा दुसरीकडे आहे, बरीच साधी आहे, आणि तिथे पोहोचायला प्रदर्शनांपेक्षा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचा, म्हणजे सरकारी बांधकामातल्या प्रत्येक बाबीचा दर लिहिलेल्या यादीचा, उपयोग जास्त होईल.

आधी बुरशीकडून काय मागू नये ते पाहू. साध्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद २० मेगापास्कलच्या पुढे असते. बुरशीच्या विटेची सहसा एक मेगापास्कलच्याही खाली राहते. तिचा खांब होणार नाही, तुळई होणार नाही, स्लॅबचा तर प्रश्नच नाही. सोलच्या त्या झाडात प्रत्येक तुकड्यावर फक्त दाबच येईल अशी भूमिती काढावी लागली होती आणि जोडांना बांबूच्या चकत्या द्याव्या लागल्या होत्या. तलाठी कार्यालय किंवा दोन खोल्यांचं घर बांधताना एवढी भूमिती कोणी करत बसणार नाही. शिवाय ही वीट पाणी पिते. ज्या बुरशीने ती बांधली ती मेलेली असली तरी ओल्या भुशावर दुसरी बुरशी यायला वेळ लागत नाही.

जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के सिमेंटमुळे हवेत जातो, हा आकडा या विषयावर बोलणारा प्रत्येक जण सांगतो. त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द चुनखडीतून सुटणारा आहे, हे कमी जण सांगतात. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून खांब-तुळयांचा कार्बन कमी करायचा मार्ग सिमेंटच्या रसायनातूनच जातो. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकरचं (चुनखडी भट्टीत भाजून होणाऱ्या, सिमेंटच्या मुख्य घटकाचं) प्रमाण निम्म्यावर आणणारं एलसी३ सिमेंट आलं आहे, त्याच्यावर आपल्या आयआयटींनी काम केलं आहे आणि २०२३ मध्ये भारतीय मानकही निघालं. ते काम त्याला करू द्यावं. बुरशीला त्या शर्यतीत उतरवणं म्हणजे तिला हरायला उतरवणं.

पण घर म्हणजे नुसते खांब नसतात. भिंतीच्या आतलं भरण, खोल्यांमधले पडदे, दारांची फळी, छताखालचा तक्ता, आवाज अडवणारं अस्तर या सगळ्यावर भार जवळजवळ नसतोच. तिथे आपण आज काय वापरतो? थर्माकोल, काचतंतू, पीओपी, प्लायवुड, आणि बहुतांश गरीब घरांत काहीच नाही.

हे शेवटचं ‘काहीच नाही’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा इथे पारा ४५च्या वर जातो. गावोगावी आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत कौलं उतरून त्यांच्या जागी पत्रा आला, कारण पत्रा स्वस्त, हलका, लवकर बसणारा, माकडांनी न फुटणारा. दुपारी त्याच्याखाली बसवत नाही आणि रात्री झोपवत नाही. या पत्र्याखाली दोन इंच जाडीचा, उष्णता अडवणारा तक्ता बसवला तर खोलीत जाणवण्याइतका फरक पडेल. बुरशीच्या तक्त्याची उष्णतारोधकता थर्माकोलच्या फार मागे नाही. आगीत तर तो थर्माकोलपेक्षा बरा वागतो: वितळून पेटते थेंब गाळण्याऐवजी वरून कोळसतो आणि धूर कमी करतो. छताखाली असल्यामुळे पाऊस थेट लागत नाही. पत्र्याच्या आतल्या अंगाला सुटणारा घाम आणि गळकी भोकं यांचा बंदोबस्त मात्र करावाच लागेल. तरी मनोऱ्यात जी उणीव तीच इथे अर्धी निष्प्रभ होते.

(जाता जाता मखराचंही म्हणायला हवं. मार्च २०१८च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं, आणि तेव्हापासून मखरवाले पुठ्ठा, कापड, कागद असं काय काय करून पाहताहेत. दहा दिवस टिकावं आणि अकराव्या दिवशी कुंडीत मिसळावं अशी वस्तू हवी असेल तर बुरशीइतकी ती कोणाला जमणार? अमेरिकेतल्या इकोव्हेटिव्ह या कंपनीने २००७ पासून धंदा उभा केला तोही विटांवर नव्हे, पॅकिंगवर. तात्पुरतेपणाचे पैसे मिळतात तिथून सुरुवात करण्यात कमीपणा काही नाही.)

आता कच्चा माल. इथे महाराष्ट्राकडे जे आहे ते क्वीन्सवाल्यांकडे नव्हतं. आपल्याकडे कापसाखाली सुमारे ४० लाख हेक्टर जमीन आहे आणि वेचणी संपली की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उभी राहते. ही पऱ्हाटी शेतकऱ्याच्या डोक्याला ताप. लाकडासारखी कडक, लवकर कुजत नाही, उपटायला मजुरी लागते, आणि शेतात राहू दिली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंतचा आसरा मिळतो. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड (वेचणीनंतर तीच झाडं राखून घेतलेलं जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाटी काढून टाका. चुलीपुरती घरी जाते, थोडी कांडीकोळशाला जाते, उरलेली बांधावर पेटते.

पऱ्हाटीचा उपयोग करायची कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, सिरकॉट. तिथल्या शास्त्रज्ञांनी पऱ्हाटीच्या चुऱ्यापासून पार्टिकल बोर्ड केला, नागपूरच्या केंद्रात प्रायोगिक यंत्रणा बसवली आणि पऱ्हाटीवर धिंगरी अळंबी वाढवायची पद्धतही बसवली. म्हणजे चुरा कसा करायचा, तो निर्जंतुक कसा करायचा, बुरशी त्यावर कशी धरते, हे सगळं ज्ञान याच राज्यात, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या हातात आहे. धिंगरी घेणाऱ्या बचतगटातल्या बाईला ‘स्पॉन’ म्हणजे काय (अळंबीचं बियाणं) हे समजावून सांगावं लागत नाही. पिशवीत हिरवी बुरशी आली की सगळी पिशवी फेकावी लागते, हे तिला कुठल्याही वास्तुरचनाकारापेक्षा नीट कळतं. (ही हिरवी बुरशी म्हणजे बहुधा ट्रायकोडर्मा, तीच आपण दुकानातून विकत आणून पिकाच्या मुळाशी घालतो.) अळंबी खाण्यासाठी वाढवायची तर फुटवे येईपर्यंत थांबायचं. तक्ता हवा असेल तर तंतूंनी चुरा पांढरा करताच थांबवायचं आणि वाळवायचं. कौशल्य तेच, थांबायची वेळ वेगळी.

तरीही ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही घोषणा ऐकली की मी सावध होतो. शेतातलं काहीही टाकाऊ नसतं. आपल्याला ते कोणाच्या उपयोगी पडतं हे दिसत नाही एवढंच. उसाचा चोथा कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातो आणि त्याची वीज होते, त्यामुळे तो फुकट मिळेल या हिशेबावर उभा केलेला प्रकल्प दुसऱ्या वर्षी बसतो. सोयाबीनचं कुटार जनावरं खातात. उसाचं पाचट न जाळता सरीत कुजवा, असं शेतकऱ्याला सांगून सांगून कुठे पटायला लागलं आहे. सेंद्रिय कर्ब घसरलेल्या जमिनीतून ते उचलून विटांत घालणं मला गुन्ह्याच्या जवळचं वाटतं. पऱ्हाटी आणि तुराटी (तुरीच्या वाळक्या काड्या) यांचं तसं नाही. त्या शेतात ठेवणं अवघड आणि काढणं खर्चिक. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी, आणि शेतातून उचलायचा खर्च वजा जाऊन चार पैसे शेतकऱ्याच्या हाती राहतील असा दर ठरावा. तो दर कारखान्याला परवडत नसेल तर बुरशीची वीट स्वस्त आहे असं म्हणू नये.

या विषयात वेरूळचं नाव निघतंच, आणि निघायलाही हवं. पुरातत्त्व खात्याचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे भाग मिसळलेले आहेत, सुमारे दहा टक्के. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किड्यांनी चित्रांचं बरंच नुकसान केलं. वेरूळला तसं झालं नाही याचं श्रेय ते दोघे भांगेला देतात. देवगिरीच्या किल्ल्यातही हे मिश्रण सापडलं आहे. युरोपात आज चुना आणि भांगेच्या काड्यांचा भुगा मिसळून भिंती भरतात. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला वाट करून दिली आणि तिथे तसं घरही उभं राहिलं.

यावरून ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ इथवर उडी मारणारे बरेच आहेत. वेरूळ एवढंच सांगतं की योग्य मिश्रण, योग्य जागी, कोरड्या दगडाच्या पोटात दीड हजार वर्षं टिकलं. पूर्वजांनी बांधलेल्या सगळ्याच गोष्टींची परीक्षा इतकी गोड निघाली नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत आणि आसपासच्या गावांत जी माणसं गेली, ती माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचे थर चढवत नेलेल्या माळवदाखाली गेली. त्या साहित्यात कार्बन जवळजवळ शून्य होता. त्यानंतर लातूर-धाराशिवच्या माणसाने काँक्रीटवर विश्वास ठेवला तर त्याला पर्यावरण शिकवायला जाऊ नये. भूकंपात मारतं ते वजन, आणि बुरशी-बांबूच्या बाजूने बोलण्याजोगा हाच मुद्दा आहे: ते हलकं आहे.

कोकणातल्या कुडाच्या घरांबद्दलही असंच. कारवीच्या काठ्यांची भिंत, वर माती-शेणाचा लेप; दिसतं सुरेख, गारवाही असतो. पण पावसाळ्याआधी भिंतींना झावळ्यांचे झाप बांधा, छप्पर शाकारा, दर काही दिवसांनी सारवा. हे सारवण कोण करत आलं? बाई. ‘नैसर्गिक घर’ असा मथळा देणाऱ्याने तिच्या कंबरेचा हिशेब मांडलेला मी अजून वाचलेला नाही. नव्या साहित्याची कसोटी मी हीच लावीन: त्याच्यामुळे घरातल्या बाईचं काम वाढतं की कमी होतं?

बांबूने या कसोट्यांतल्या बऱ्याच पार केल्या आहेत. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव, सरळ, बिनकाट्यांचा. तीन-चार वर्षांत तोडायला तयार. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवला की भुंगा लागत नाही. बांबूच्या बांधकामासाठी आयएस १५९१२ हे भारतीय मानक आहे, राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूचं स्वतंत्र प्रकरण आहे. बंगळूर विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं छत बांबूने मढवलेलं आहे. आपल्याच वणी-वरोरा रस्त्यावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसला. मग दुसरीही बाजू सांगायला हवी: चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची बांबूची इमारत फेब्रुवारी २०२२ मध्ये आगीत सापडली. अशी घटना झाली की बांबूचे भक्त गप्प बसतात आणि बाकीचे ‘सांगितलं होतं ना’ म्हणतात. दोघांनीही विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कोणता लेप, किती मिनिटं आग थोपवतो, भिंतीच्या आत ज्वाला चढू नये म्हणून आडवे अडसर कुठे घालायचे? त्याची उत्तरं जाळून पाहिल्याशिवाय मिळत नाहीत. प्रयोगशाळेत, ठरवून.

आणि इथेच घोडं अडलं आहे. एखादा गावचा सरपंच म्हणाला, अंगणवाडीच्या पत्र्याखाली पऱ्हाटी-बुरशीचे तक्ते लावू या. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करायला बसतो आणि दरसूची उघडतो. बाब नाही. मग वेगळं दर-विश्लेषण करा, तीन दरपत्रकं मागवा, वरची मंजुरी आणा, आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर द्या. त्या अभियंत्याने थर्माकोल किंवा जिप्समची बाब टाकून मोकळं व्हायचं ठरवलं तर मी त्याला दोष देणार नाही. बँकेतही हीच गत. बांबूच्या घरावर कर्ज मागा, मूल्यांकन करणारा त्याचं आयुष्य किती धरायचं यावरच अडतो.

कागदावरची वर्गवारी तर याहून मजेशीर. २०११च्या जनगणनेत पत्र्याच्या भिंतीचं घर कायमस्वरूपी साहित्याचं धरलं गेलं आणि बांबूच्या, मातीच्या, गवताच्या भिंतीचं तात्पुरत्या. बोरॅक्समध्ये मुरवलेला, चुन्याचा गिलावा दिलेला बांबू आणि पावसात भिजणारा उघडा तट्टा एकाच रांगेत. उलट ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेच्या नियमावलीत पक्क्या घराची कसोटी साहित्याची नाहीच: साधारण देखभालीत किमान ३० वर्षं टिकेल ते पक्कं. त्याच योजनेसाठी केंद्राने ‘पहल’ नावाने राज्याराज्यांच्या स्थानिक घरांचे नमुनेही छापले. तरी हप्ता सोडायला फोटो काढणारा माणूस विटा आणि सळया शोधतो, आणि लाभार्थ्यालाही तेच हवं असतं, कारण बांबूच्या घरात राहणारा तो गरीब हे गावात सगळ्यांना ठाऊक. हा समज भाषणांनी जात नाही. तालुक्याच्या ठिकाणची एखादी चांगली सरकारी इमारत तशी बांधली, आणि साहेबांनी त्यात बसून काम केलं, तर जाईल.

मालकीबद्दलही आत्ताच बोललेलं बरं, कारण धंदा उभा राहिल्यावर बोलायची सोय उरत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्याने बांबूला २००६ मध्येच गौण वनोपज, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येणारं जंगलातलं उत्पादन, ठरवलं होतं. तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडावं लागलं, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. त्याआधी कित्येक दशकं त्याच पट्ट्यातला बांबू कागद कारखान्यांना मातीमोल दराने जात होता. बिगरवनक्षेत्रातल्या बांबूची ‘झाड’ या व्याख्येतून सुटका झाली २०१७ मध्ये. उद्या बांधकामाला बांबू आणि पऱ्हाटी मोठ्या प्रमाणात लागू लागली तर तोच जुना खेळ नव्या, हिरव्या रंगात सुरू होईल, ही भीती मला बुरशीच्या ताकदीपेक्षा जास्त वाटते. बुरशीच्या साच्यांची पेटंटं परदेशी कंपन्यांकडे, कारखाना औद्योगिक वसाहतीत, आणि गावाच्या वाट्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे शे-दोनशे रुपये, असं होऊ द्यायचं नसेल तर तक्ते गावाजवळ वाढले पाहिजेत. ते शक्यही आहे: हलका, फुगीर चुरा लांब वाहून नेणं परवडतच नाही, आणि वाढवायला लागते ती अंधारी स्वच्छ खोली आणि चांगलं वाळवणयंत्र.

‘महाग पडेल’ हा आक्षेप राहतो. पडेल, सुरुवातीला. वाफ आणि वाळवण यांना ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा कोळशाची असेल तर पर्यावरणाचा निम्मा युक्तिवाद तिथेच जळतो. विदर्भाच्या उन्हाचा वाळवणीला उपयोग करून घ्यावा. पण सरकार पहिल्या काही वर्षांची खरेदी हमीने करू शकतं, आणि तिला निमित्त उकरून काढावं लागत नाही. यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतल्या पत्र्याच्या अंगणवाड्यांची यादी करा. निम्म्यांत पऱ्हाटी-बुरशीचे तक्ते लावा, निम्म्या तशाच ठेवा, दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे आतलं तापमान, ओल, वाळवी सगळं मोजा. जिथे तक्ते सडतील तिथलेही आकडे छापा. टिकले तर दरसूचीत बाब घाला: पत्र्याखालील वनस्पतिजन्य उष्णतारोधक तक्ता, जाडी ५० मिलिमीटर, प्रति चौरस मीटर, बसवणुकीसह. दर काय लिहायचा ते ठरवताना पऱ्हाटी उपटणाऱ्या माणसाची मजुरी विश्लेषणाच्या पहिल्या ओळीत यावी.